नाही कोण म्हणालं?

श्राद्धाचं जेवण डोळ्यांवर येतंच. त्यात वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि वर खीर. शालन धाकट्या बहिणीच्या खाटेवर आडवी झाली आहे, कारण भांडुपच्या या दोन खोल्यांत पाठ टेकायला दुसरी जागा नाही. बाहेर सतरंजीवर पुरुषमंडळी पान लावताहेत, मोरीत कुणीतरी पातेली घासतंय आणि डोक्यावरचा पंखा प्रत्येक फेऱ्याला एकदा टक् करतोय. कुंदाला जाऊन आज वर्ष झालं.

शालनला या खाटेवर पडायचं नव्हतं. पण मेहुण्याने, दिगंबरने, ऐकलं नाही. "आक्का, सकाळपासून उभ्या आहात. घटकाभर पडा." याच दिगंबरने मघाशी भर पंगतीत तिच्यापुढे हात जोडले होते. "आमच्या आक्का म्हणजे कुंदाची आईच. किडनी द्यायला निघाल्या होत्या. प्रेशर निघालं म्हणून डॉक्टरच नाही म्हणाले, नाहीतर कुंदा आज इथं वाढत असती." सगळी पंगत शालनकडे बघायला लागली. तिने मान खाली घातली आणि वडा मोडला.

खरं काय ते तिला आणि त्या डॉक्टरला ठाऊक होतं. तपासण्या सगळ्या जुळल्या होत्या. डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावून विचारलं, "बाई, मनापासून तयार आहात ना? नसाल तर आत्ताच सांगा. घरच्यांना काय सांगायचं ते आम्ही बघू." शालनने फरशीकडे बघत सांगितलं, "नको, डॉक्टर." बाहेर बाकावर कुंदा बसली होती. तिच्याजवळ येऊन शालन म्हणाली, "डॉक्टर नाही म्हणाले." त्यानंतर कुंदा चार महिने जगली.

पंख्याची टकटक लांब जाते. पातेल्यांचा आवाज पाण्याखालून यावा तसा येतो. डोळे पुरते मिटलेले नाहीत, भिंतीवरचं कॅलेंडर अजून दिसतंय. तेवढ्यात पायथ्याशी खाट करकरते.

"सरक," कुणीतरी म्हणतं. "माझी जागा आहे ती."

शालन पाय आखडून घेते. कुंदा बसली आहे. शेवटी शेवटी होती तशीच: सुजलेला पिवळट चेहरा, फुलाफुलांचा गाऊन, डाव्या हातावर डायलिसिसने दोरखंडासारखी फुगलेली शीर.

"जेवलीस?"

"हो."

"वडे किती खाल्लेस?"

"कुंदा, असं बोलू नकोस गं."

"चार. मी मोजत होते. ऊठ, बागेत जाऊ."

"आत्ता? कुठल्या बागेत?"

कुंदा उठून चालायला लागते. शालन चपला शोधायला खाली वाकते, तर फरशीच्या जागी हाताला खडी लागते. मान वर करते तो समोर राणीची बाग. गोरखचिंचेचं हत्तीसारखं खोड, दगडी कारंजं, फुगे, रविवारची गर्दी. सगळ्यांची तोंडं हलताहेत आणि आवाज कुणाचाच येत नाही.

आई गेली तेव्हा शालन बारा वर्षांची होती, कुंदा पाच. बाप गिरणीत. शालनची शाळा सुटली. कुंदाची वेणी, कुंदाचं दूध, कुंदाचा ताप, सगळं तिच्यावर आलं. महिन्यातून एखाद्या रविवारी बाप दोघींना इथं आणायचा आणि स्वतः हिरवळीवर पेपर तोंडावर घेऊन झोपायचा.

माकडांच्या पिंजऱ्यात आज माकडं नाहीत. आत सतरंजी अंथरली आहे आणि मघाची पंगत बसली आहे. गजांना नाक लावून दिगंबर हात जोडतो. "आक्का म्हणजे आईच," असं त्याचे ओठ म्हणतात.

"बघू नकोस तिकडे," कुंदा म्हणते. "इकडे ये. हे आठवतं?"

पाणघोड्याचं तळं. शेवाळलेलं हिरवं पाणी आणि बाहेर आलेले दोन कान.

"इथं तू माझा हात सोडलास."

"तू सोडलास."

"आक्का!"

"गर्दी होती. सहा वर्षांची होतीस तू, तुला काय आठवणार?"

"बाबांचा पट्टा आठवतो ना. 'हिनंच हात सोडला, ही ऐकतच नाही,' कोण म्हणालं? बक्कल कुठं लागलं ते दाखवू?" कुंदा गाऊनची बाही वर करायला लागते.

"नको."

"अर्धा तास मी या कठड्याशी रडत होते. तू त्या झाडामागून बघत होतीस. मला तुझी रिबीन दिसत होती."

हे ती कधीच कुणाला बोललेली नाही. त्या झाडामागे ती रिकामा हात घेऊन उभी होती. तळव्यावरचा घाम वाऱ्याने वाळला होता. वर्षभरात पहिल्यांदा तिच्या हाताला कुणी लोंबकळत नव्हतं, आणि ते तिला इतकं बरं वाटलं होतं, इतकं बरं, की पाय पुढे टाकवेनात.

"सोडला!" ती एकदम खेकसते. "सोडला मी. बस? उठता बसता तू माझ्या हाताला लटकलेली. मी पण पोरच होते!"

कुंदा हसते. डोळे मात्र हसत नाहीत. "एक कबूल झालं. पन्नास वर्षं लागली. आता दुसरं."

तळ्यातला पाणघोडा तोंड वर काढून भलीमोठी जांभई देतो. जबड्याच्या आतला तांबडा रंग कठड्यावर येतो, पायाखाली पसरतो, आणि मग ती माथेरानची तांबडी माती असते. दोन्ही बाजूंना दाट झाडी. लाल धुळीने माखलेला एक घोडा वाटेत उभा आहे, तो शालनला वाट देत नाही. तिला त्याच्या अंगाला घासूनच पुढे जावं लागतं.

"इथं नको," शालन म्हणते. तिला कळलंय त्या कुठं चालल्या आहेत.

"का? हवा छान आहे. महिला मंडळाबरोबर आली होतीस ना? बहीण डायलिसिसवर, आणि ही निघाली सहलीला."

"आधीपासून ठरलं होतं."

"मला धाप लागली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. तू काय करत होतीस अकरा वाजता?"

शालन पदराने कपाळावरची लाल धूळ पुसते.

"सांग."

"कणीस खात होते."

"लिंबू लावून?"

"कुंदा, पुरे!"

झाडी संपते. लोखंडी कठडा, आणि पलीकडे सरळ खाली गेलेली दरी. समोरचा काळा कडा. मंडळाच्या बायका पाठमोऱ्या ओळीने उभ्या आहेत, एकही वळून बघत नाही. त्या दिवशी याच जागी प्रत्येकीने आपापलं नाव ओरडून दरीकडून परत ऐकलं होतं. शालनची पाळी आली आणि तिचा मोबाइल वाजला: कुंदा गेली.

"तुझी पाळी राहिली होती," कुंदा म्हणते. "घे आता. नाव नको ओरडूस. मला किडनी का मिळाली नाही ते सांग. दरीला सांग."

"सगळ्यांना माहीत आहे."

"मग ओरडायला काय जातंय?"

शालन कठडा धरते. गार लोखंड तळव्याला चिकटतं. ती छाती भरून ओरडते, "डॉक्टर नाही म्हणाले!"

आवाज जातो, समोरच्या कड्यावर आपटतो आणि मागे फिरतो. पहिला शब्द तिकडेच कुठंतरी पडून राहतो.

"...नाही म्हणाले... नाही म्हणाले..."

"कोण?" कुंदा विचारते. "कोण नाही म्हणालं?"

"डॉक्टर! डॉक्टर नाही म्हणाले!"

"...नाही म्हणाले... म्हणाले..."

बाईचा आवाज. तिचाच. शालन दोन्ही कानांवर हात ठेवते, तरी तो हातांच्या आतून ऐकू येतो.

"मी भ्याले!" ती कुंदाकडे वळते. "ऐकायचंय ना? मी भ्याले. आणि मला रागही आला. बाराव्या वर्षापासून तुला देतेच आहे मी. शाळा दिली, लग्न तुझ्यापायी सहा वर्षं लांबवलं. आता अंगातलं पण काढून द्यायचं? किती द्यायचं माणसाने?"

"मग नव्हतं द्यायचं."

शालनचे हात कानांवरून खाली येतात. या उत्तराची तिने तयारी केली नव्हती.

"माझ्या तोंडावर म्हणायचंस, कुंदे, नाही देत. मी भांडले असते. तुला शिव्या घातल्या असत्या, तुझं तोंड बघितलं नसतं. माझ्या हक्काचं भांडण होतं ते. तू तेसुद्धा दिलं नाहीस. उलट आभार मानायला लावलेस मला. दर वेळी भेटायला आलीस की मी तुझा हात हातात घेऊन म्हणायचे, आक्का, तू तरी प्रयत्न केलास. आठवतं?"

"तुला कळलं होतं?"

"पहिल्या दिवशी. बाकावर माझ्याजवळ आलीस, तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले. थांबता थांबता मेले."

दरीतून वारा येतो. पाठमोऱ्या बायकांचे पदर फडफडतात, पण एकही हलत नाही.

"मला माफ कर," शालन म्हणते. शब्द तिला स्वतःलाच हलके वाटतात.

"त्यासाठी नाही आले मी. दिगंबरला सांग. तो रोज देव्हाऱ्यापुढे माझ्याआधी तुझं नाव घेतो. मला बघवत नाही."

"नाही सांगणार."

"आक्का."

"नाही! त्या घराचं दार बंद होईल मला. तुझी मीनल तोंड बघणार नाही माझं. मला आता कोण आहे दुसरं? तू गेलीस, तुला काय फरक पडतो?"

ती मागे फिरते. कुंदा तिचं मनगट धरते. शालन हिसका देते, सुटत नाही. दुसऱ्या हाताने ती कुंदाची बोटं एकेक करून उलगडायला लागते आणि तिला दिसतं, बोटं लहान होत चालली आहेत. मूठ लहान, हात काटकुळा, गाऊनचा फ्रॉक झालाय आणि कठड्याच्या उंचीची एक पोरगी तोंड लाल करून तिच्याकडे बघतेय. शालनला माहीत आहे या मुलीचा हात कसा सोडवायचा. ती अंगठा मागे वळवून जोरात ओढते.

पोरगी वाकते आणि तिच्या हाताला कडकडून चावते.

शालन ओरडत उठून बसते. पंखा टक् करतो. कॅलेंडर जागच्या जागी आहे, पातेल्यांचा आवाज थांबलाय. दारात चहाचा कप घेऊन कुंदाची मुलगी मीनल उभी आहे.

"मावशी? काय झालं? केवढ्यांदा ओरडलीस!"

"काही नाही. स्वप्न." शालन कप घ्यायला हात पुढे करते.

मीनल कप देत नाही. ती तिच्या हाताकडे बघतेय. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, ताज्या लाल खुणांचं एक कडं उठलंय. वरची ओळ आणि खालची ओळ. एका ठिकाणी रक्ताचा थेंब भरून आलाय.

"हे कशानं?"

"झोपेत खाटेची पट्टी लागली असेल." शालन पदराखाली हात घेते.

मीनल कप खाली ठेवते, पदर बाजूला करते, हात उजेडाकडे धरते. ती बालवाडीत शिकवते. अशा खुणा तिने पुष्कळ बघितल्या आहेत.

"मावशी, दात आहेत हे. लहान मुलाचे. आपल्याकडे आज एकही लहान मूल आलेलं नाही."

बाहेर दिगंबर कुणाला तरी सांगतोय, हळू बोला, आक्कांचा डोळा लागलाय. शालन ते ऐकते. एक खोटं तिच्या जिभेवर तयार असतं, ते ती गिळते. हात ठणकतोय. कोपरापर्यंत कळ गेली आहे.

"चहा राहू दे," ती मीनलला म्हणते. "तुझ्या बाबांना आत बोलाव. आणि तूही इथंच थांब."