डॉल्फिनला नर्मदे हर

माझ्या बाबांनी माझं सगळ्यात भारी रेकॉर्डिंग वाया घालवलं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. म्हटलं, जाहीर तक्रार करूनच टाकावी.

मी डॉल्फिनवर काम करते. तो श्वास घ्यायला पाण्यावर येतो. किती वेळा आला, केवढा दम घेतला, यावरून त्याची एनर्जी किती खर्च होते याचा अंदाज येतो.

बाबा जबलपूरला फॅक्टरीतून रिटायर झालेले. समुद्र कधी बघितला नव्हता. रोज सकाळी ग्वारीघाटावर नर्मदेत डुबकी, झालं.

"काहून गं, माशाचे श्वास मोजायचा पगार कोण देते?"

"बाबा, तो मासा नाहीये."

"पाण्यात राह्यते ना? मग?"

आमच्या विजय नगर कॉलनीत कोणी विचारलं की सांगायचे, "पोरगी बाहेर नोकरी करून राहिली." कसली नोकरी, ते कधीच नाही.

मला ते फार लागायचं.

शेवटी त्यांना कोकणात बोलावलं, बोटीवर नेलं. अट एकच. डॉल्फिन दिसला की चूप. माइक चालू असतो.

"अच्छा, चलो. तोंडाले कुलूप."

दुपारपर्यंत समुद्रात काही म्हणजे काही नाही. बाबांनी जबलपूरच्या बडा फुहारा बाजारातून आणलेली खोव्याची जलेबी बोटीवर सगळ्यांना वाटून झाली.

आणि अचानक, अगदी बोटीला लागून, एक डॉल्फिन वर आला.

फूऽऽस!

इतका स्वच्छ श्वास मला अख्ख्या सीझनमध्ये मिळाला नव्हता.

बाबा ताडकन उठले, हात जोडले आणि घाटावर ओरडायचे तसे ओरडले,

"नर्मदे हर!"

झालं! श्वास अर्धा, बाबा पूर्ण.

बोट चालवणारे सदूकाका पोट धरून हसत सुटले. मी मात्र भडकले. "बाबा! काय केलं तुम्ही हे!"

त्यांचे डोळे भरलेले.

"अगं, हा तर आपल्यासारखाच दम घेऊन राहिला! मैयाचं दर्शन झाल्यावानी वाटलं. निघूनच गेलं तोंडातून."

मग कुठला राग न् कुठलं काय.

ते जबलपूरला परतल्यावर आईचा फोन. बाबा कॉलनीत एकेकाला थांबवून सांगत होते, "मेरी बेटी डॉल्फिन की साँस नापती है. और मछली नहीं है वो, भैया!"

ते रेकॉर्डिंग कामाचं नाही. डिलीट मात्र करणार नाही.

आज सकाळी पुन्हा डॉल्फिन दिसला. श्वास नीट रेकॉर्ड केला. माइक बंद केला.

मग सदूकाकांनीच आधी हात जोडले, आणि सगळी बोट ओरडली.

बाबा, आवाज पोचला ना?

नर्मदे हर.