मणी तरंगवणारी आक्का

आमच्या गल्लीतल्या आक्काने एकोणीस वर्षं एका प्रयोगशाळेत काच वितळवली. तीही भांड्याशिवाय. पटत नाही ना? मलाही पटलं नव्हतं. तेव्हा तिने मला नेऊन दाखवलं. खालून बारीक नळीतून वायूचा झोत, झोतावर मिऱ्याएवढा मणी अधांतरी, वरून लेसरचा मारा. मणी पेटतो, पाणी होतो.

"भांडं आलं की भांड्याचा मळ आला, पुढारी," आक्का म्हणाली. कंत्राटी कामगारांची संघटना चालवतो म्हणून मी पुढारी.

लेसर बंद केला की क्षणा-दोन क्षणांत मणी थिजतो. तेवढ्यात नळीच्या कडेला नुसता शिवला, तरी काच होत नाही, पांढरी खडी होते. तिथले लोक म्हणत, 'दूध झालं.'

आक्काचं दूध क्वचितच व्हायचं. ती काळा चष्मा कपाळावर सरकवून उघड्या डोळ्यांनी झोत सांभाळायची. शेवटी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मागचा पडदाही भाजलेला. साहेबांनी तिला घरी बसवलं. तिला बसून करायचं काहीतरी काम तिथेच हवं होतं. मी चौकशी लावायला भाग पाडलं.

आदल्या दिवशी बजावलं, "आक्का, चष्मा कधी दिलाच नाही म्हणायचं."

"आणि चष्मे वाटणारा तो स्टोअरवाला? त्याच्या पोटावर पाय देऊ?"

चौकशीत साहेबाने विचारलं, "चष्मा मिळाला होता?"

"मिळाला होता. मीच वर करायची."

माझं डोकंच फिरलं. टेबलावर हात आपटून ओरडलो, "दिवसाला तीस मणी कोण मागत होतं? त्या चष्म्यातून मणी डगमगलेला दिसतो का, एकदा बसून बघा!" साहेबाने फाइल मिटली.

आदेश आला. आक्काला अक्षरं दिसत नव्हती; मीच वाचला. नोकरी संपली. कारण, 'कामातील हलगर्जीपणा'.

तिने ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "नोकरी गेली तर गेली. तेवढा शब्द खोडायला सांग रे."

तीन अर्ज केले. उत्तर एकाचंही नाही. गल्लीत माझा आवाज आला की ती दारात येते आणि विचारते, "खोडला?"

साहेबांपुढे ओरडणारा मी, हल्ली गल्लीतून आवाज न करता जातो.