कच्चा गणपती घेऊन कोर्टात आलेल्या वकीलबाई

आमच्या वकीलबाई दिसायला कशा होत्या, ते मला विचारू नका. माझे डोळे लहानपणीच गेले, आता नुसता उजेड-अंधार कळतो. पण त्यांचा आवाज! पेणच्या कोर्टात त्या बोलायला उठल्या की बाहेरचा चहावालासुद्धा गप्प व्हायचा. मी सांगतेय आणि भाची लिहून घेतेय. ती म्हणते, "आत्या, वाढवून सांगू नको." अगं, कमीच सांगतेय!

हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात मी घासकाम करते. साच्यातून निघालेल्या कच्च्या मूर्तीवर साच्याचे दोन भाग जुळतात तिथे सांधा राहतो, तो शोधून पॉलिश पेपरने घासून काढायचा. कोणीतरी माझा काम करतानाचा व्हिडिओ काढला आणि तक्रार केली की ही बाई आंधळी नाही, सोंग करून अपंगांची पेन्शन खाते. झालं! फसवणुकीचा खटला उभा राहिला. डॉक्टरांनी पुन्हा तपासून 'थोडा उजेड कळतो' असं लिहिलं, तर त्या 'थोडा'वरच सगळे अडून बसले. पेन्शन बंद, वर तुरुंगाची भीती. पण गावातली पोरं मला 'सोंगाडी' म्हणायला लागली, त्याने मी जास्त रडले.

सल्ले द्यायला सगळे पुढे. कोणी म्हणे, व्हिडिओतली मी नव्हेच असं सांग. कोणी म्हणे, काळा चष्मा लाव आणि कोर्टात दोनदा ठेचकाळ. मीही तेच ठरवलं होतं. बाईंना सांगितलं तर अशा उखडल्या! "व्हिडिओत तूच हायस ना गो? मग तसंच सांगायचं. हातात एवढी कला हाय आणि ती लपवतेस? नाटक केलंस तर मी इथूनच घरी रोह्याची एसटी पकडीन."

बाईंची एक खोड होती. ज्या कामाबद्दल कोर्टात बोलायचं, ते आधी स्वतः करून बघायचं. चार दिवस रोह्याहून येऊन त्या माझ्या शेजारी मूर्ती घासत बसल्या. दोन गणपतींचे कान तोडले! कारखानदार कळवळला, तर म्हणाल्या, "माझा हात कोर्टातच बरा चालतो."

साक्षीच्या दिवशी मात्र बाईंनी कच्ची मूर्ती मांडीवर सांभाळत रिक्षातून आणली. सरकारी वकिलांनी एका जुन्या कारागिराला बोलावलं होतं. हे काम नजरेशिवाय होत नाही, असं त्या काकांकडून वदवून घेतलं. मग बाई उठल्या. "काका, या मूर्तीचा सांधा शोधून दाखवा."

काकांची बोटं मूर्तीवरून फिरल्याची खसखस ऐकू आली. आणि एकदम बाईंचा आवाज, "साहेब, साक्षीदाराने डोळे मिटले आहेत, याची नोंद व्हावी."

लोक हसायलाच लागले. काका ओशाळून म्हणाले, "सवय हाय ओ. सांधा डोळ्याला गावत नाय, हातालाच गावतो. आमी सगळेच मिटतो."

मी निर्दोष सुटले. बाईंनी कोर्टाच्या पायरीवर बसून निकाल वाचून दाखवला. माझ्या नावापुढे 'दृष्टिहीन' आणि व्यवसाय 'मूर्ती कारागीर'. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर! मी तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा बाईंनी वाचता वाचता माझं बोट त्या ओळीवर ठेवलं.

गेल्या वर्षी बाई गेल्या. अशी बाई माझ्यासाठी कोर्टात उभी राहिली, याचा मला फार अभिमान आहे. आता कोणी विचारलं, तू कोण, तर मी आधी माझं काम सांगते. डोळ्यांचं त्याने विचारलं, तरच सांगते.