जन्मभर टिकणारी स्प्रिंग

नव्वदीच्या दशकात डोंबिवलीत रोज सायकल चालवणाऱ्या माणसाला गिर्यारोहक म्हणायला काहीच हरकत नव्हती. डोंगर तेवढा नव्हता. बाकी दऱ्या, कडे, घळी सगळं रस्त्यातच होतं, आणि पावसाळ्यानंतर त्यात दरवर्षी नवी भर पडायची. माझे वडील अशा रस्त्याने सव्वीस वर्षं एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात जात होते. काळी, उंच, लोखंडी सायकल, कॅरिअरला डबा आणि उजव्या पायाच्या पँटला क्लिप. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना त्यांची कंबर धरली.

डॉक्टरांनी एक्सरे खिडकीकडे धरून पाहिला आणि मणक्यातली गादी झिजल्याचं सांगितलं. सायकलचे धक्के बंद करा, नाहीतर नोकरी बंद करा, असा त्यांचा निकाल होता. रिक्षाने जा, असंही ते म्हणाले. आमच्याकडच्या शेअर रिक्षात चौथा माणूस ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या मांडीवर बसतो आणि उरलेली मांडी रस्त्यावर सोडतो, हे त्यांच्या कानावर आलं नसावं. ते स्वतः गाडीतून यायचे. बससुद्धा होती म्हणतात. ती पाहिलेली माणसं मला भेटलेली नाहीत.

घरी आल्यावर बाबा आईला एवढंच म्हणाले, "दोन वर्षं राहिलीत गं. आजारी म्हणून अर्ध्यात घरी बसायचं नाही मला."

हे मी आतल्या खोलीतून ऐकलं आणि लगेच कामाला लागलो. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला माणूस. ठाण्याच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात होतो. म्हणजे दुसऱ्यांनी दिवसभर खपून केलेल्या वस्तू हातात घ्यायच्या, भुवई वर करायची आणि त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. हे काम करता करता माणसाची अशी समजूत होते की जगात आपण सोडून सगळं रिजेक्ट आहे. माझीही झालेली होती.

त्या सुमाराला बाजारात पुढे-मागे स्प्रिंगा असलेल्या सायकली नव्यानेच दिसू लागल्या होत्या. मुलं त्यांना डबल शॉकर म्हणायची. ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका दुकानात एक टांगलेली होती, पिवळी आणि जांभळी. मी ती खाली उतरवून घेतली आणि सीटखालची स्प्रिंग तळव्याने दाबली. ती दबली.

"एवढ्यात दबते?" मी दुकानदाराला विचारलं.

"स्प्रिंग आहे साहेब. दबणारच ना," तो म्हणाला.

"वर्षात बसेल ही."

"वर्ष काय, दीड पण जाईल."

मी मनातल्या मनात लाल ठिपका दिला. आमच्या घरात वस्तू वर्ष-दीड वर्षासाठी येत नसे. सोफ्याचं प्लॅस्टिक आम्ही काढलं नव्हतं, कारण सोफा खराब होईल. चांगल्या कपबशा कपाटात होत्या आणि आम्ही कान तुटलेल्या कपातून चहा प्यायचो, कारण चांगल्या कपबशा टिकायला हव्यात. टिकणं हाच वस्तूचा उपयोग, अशी आमच्या घराची एकंदर श्रद्धा होती. मीही त्याच घरातला, वर डिप्लोमा. ठरवलं, सायकल स्वतः जुळवायची. एकेक भाग निवडून, जन्मभर टिकेल असा.

पुढचे पाच महिने बाबा जुन्याच सायकलने जात राहिले आणि मी प्रत्येक रविवारी कल्याणला जुन्या बाजारामागे एका मिस्त्रीकडे जाऊन बसत असे. हा मिस्त्री खाडीकाठच्या गावातला, वयाने माझ्या काकांएवढा, बोलायला कमी. मागचं चाक बिजागरीवर हलेल अशी एक फ्रेम त्याच्याकडे पडलेली होती. तेवढी मी पास केली, तीही चार ठिकाणी जादा पट्ट्या वेल्ड करून. रिमा निवडल्या दूधवाल्यांच्या सायकलच्या, चाळीस-चाळीस लिटरचे कॅन वाहणाऱ्या. तारा त्यांच्याच, जाड. चेन, छर्रे, ब्रेक, सगळं वजनदार. पुढचं चाक धरणारा चिमटा एका मोपेडचा लावला, त्याच्या स्प्रिंगांसकट. आणि मागे, बाबांच्या कंबरेखाली, स्कूटरचा शॉकअब्सॉर्बर. तो शोधायला मला तीन रविवार लागले. मी त्यावर दोन्ही हातांनी जोर दिला, तो हलला नाही, आणि मला अत्यानंद झाला.

मिस्त्रीने तो हातात फिरवून पाहिला. "कोन बसनार हाय हिच्यावर?"

"माझे वडील."

"किती वजन?"

"असेल पंचावन्न किलो."

"सायेब, ही दोन मानसं आनि वर सिलिंडर ठेवला का मंग जराशी हालते."

मी त्याच्याकडे डिप्लोमाच्या उंचीवरून पाहिलं. म्हटलं, "काका, मजबूत आहे ना? टिकेल ना?"

"टिकंल की. तुमी जाल, ही नाय जानार," असं म्हणून त्याने पाना उचलला. ही मला पावती वाटली.

सायकल तयार झाली तेव्हा ती उचलायला दोन माणसं लागली. वरून बाबांच्या दोनच अटी होत्या, डब्याला कॅरिअर आणि चेनला पूर्ण कव्हर. त्यामुळे ही पर्वतारोहणाची सायकल समोरून मोपेडसारखी, मागून दूधवाल्यासारखी आणि बाजूने भजनी मंडळाच्या चिटणीसासारखी दिसत होती. सीटचं प्लॅस्टिक अर्थातच काढलं नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी अख्खी बिल्डिंग खाली जमली. बाबा कारखान्यातून आले, उतरले आणि घाम पुसत म्हणाले, "पालखीत बसल्यासारखं वाटतं हो. पोराने कमाल केली." मी नम्रपणे खाली पाहिलं. आतून काय झालं होतं ते विचारू नका. पुढे हे बाबांचं नेहमीचंच झालं. वाण्याकडे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, आमच्याकडे आलेल्या मामांसमोर, जिथे तिथे ते सायकलच्या स्प्रिंगांचं गुणगान करायचे. आणि आल्यावर अर्धा तास ते हॉलमधल्या फरशीवर उताणे पडून राहायचे, कंबरेखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन. चहाही तसाच, मान उचलून प्यायचे. मी आईला समजावून सांगितलं, की वय झालं आता. सायकल नसती तर काय झालं असतं, याची कल्पना कर.

असे आठ महिने गेले.

एका गुरुवारी माझ्या कारखान्याला सुट्टी होती म्हणून मी घरी होतो, आणि बाबाही रजा घेऊन बँकेच्या कामाला गेले होते. आईने दळणाचा डबा माझ्या हातात ठेवला. सायकल खाली उभीच होती. त्या दिवसापर्यंत मी तिच्यावर एकदाही बसलो नव्हतो. निर्मात्याने वापरायचं नसतं, असा काहीतरी माझा समज असावा.

मानपाडा रोडच्या पहिल्या खड्ड्यात माझे दात एकमेकांवर आपटले. दुसऱ्या खड्ड्यात डब्याचं झाकण उडालं. तिसऱ्यात माकडहाडापासून मानेपर्यंत जी कळ गेली ती मला अजून आठवते. मी उतरलो, सायकल एका दुकानाच्या पायरीला टेकवली आणि मागच्या स्प्रिंगवर सगळा भार टाकला. मग पेडलवर उभा राहून दोनदा सीटवर आपटलो. स्प्रिंग जागची हलली नाही. पुढच्याही नाहीत. पाच महिने खपून मी बाबांच्या कंबरेखाली एक दगड बसवला होता, आणि तो जन्मभर टिकणार होता. गव्हाचे दाणे रस्त्यावर सांडलेले होते. मी तिथेच पायरीवर बसलो. एवढी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी बाबा आल्यावर मी विचारलं, "बाबा, सायकल अजिबात दबत नाही. तुम्हाला कळलं नाही?"

ते चप्पल काढत होते. "कळलं की. पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"अरे, पाच महिने रविवार घालवलेस तू. चार लोकांसमोर काय सांगायचं? म्हटलं, होईल सवय." मग माझीच समजूत काढल्यासारखे म्हणाले, "मजबूत आहे पण."

मला रडू आलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी टेंभी नाक्याच्या त्याच दुकानात गेलो आणि मी नापास केलेल्या स्प्रिंगा विकत घेतल्या, पुढच्या आणि मागची. दुकानदाराने मला ओळखलं. तो हसला नाही, एवढे उपकार केले. रविवारी मिस्त्रीने त्या बसवल्या.

बाबा बसले तशी सायकल त्यांच्या वजनाने दोन बोटं खाली गेली. ते दचकले आणि पुन्हा उतरून स्प्रिंग न्याहाळू लागले.

"ही किती टिकेल रे?"

"वर्ष. फार तर दीड," मी म्हटलं. हे शब्द आमच्या घरात उच्चारताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

बाबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "पुष्कळ झालं की. मला अकरा महिनेच जायचंय," ते म्हणाले, आणि सीटचं प्लॅस्टिक फाडून त्यांनी माझ्या हातात दिलं.

सोमवारी संध्याकाळी ते कारखान्यातून आले. सायकलबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. भाजीवाल्याने वांगी किडकी दिली म्हणून कुरकुरले, हातपाय धुतले, चहा मागितला, आणि तो खुर्चीत बसून प्यायले.