बर्फाच्या जागेतली बाग

सरोवराकाठच्या हेमलॉक हार्बर गावातली निम्मी डोकी लेम्पी हार्यूच्या कात्रीखालून जायची. तांब्याच्या खाणी बंद पडल्या, पोरं पोटापाण्यासाठी डेट्रॉइटला गेली, पण लेम्पीचं दुकान चालूच राहिलं. नवरा वारला तेव्हाही आठवड्याच्या आत तिनं दार उघडलं. "लोकांचे केस काय माझं दुःख बघून वाढायचे थांबणारेत?" म्हणाली.

दुकानासमोर गावाची मोकळी जागा होती. रेल्वे होती तेव्हा तिथं मालधक्का होता. आता उन्हाळ्यात नुसती खडी, आणि हिवाळ्यात रस्त्यांवरून लोटून आणलेल्या बर्फाचा डोंगर. तो रचायचा लेम्पीचा धाकटा भाऊ रेनो. बर्फ लोटायची गाडी तोच चालवायचा.

मॅपलची पानं लाल झाली, की सरोवर बघायला बसगाड्या भरून पाहुणे यायचे. उतरले, की पहिला प्रश्न एकच: बाथरूम कुठंय? गावात सार्वजनिक सोय नव्हतीच, म्हणून लेम्पी त्यांना आपल्या दुकानात घ्यायची. त्या ऑक्टोबरात ऐंशीच्या घरातल्या एक आजी घाईघाईनं दाराशी आल्या, पण उशीर झाला. पायरीवरच त्यांचे कपडे ओले झाले. मागं बसमधली सगळी माणसं उभी. आजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

लेम्पीनं अर्ध्या कापलेल्या केसांचं गिऱ्हाईक तसंच खुर्चीत सोडलं. आजींना आत नेलं, गरम पाण्यानं धुऊनपुसून दिलं, आपली पँट त्यांना घालायला दिली. "मी शाळेत शिकवायचे गं," आजी पुन्हापुन्हा सांगत होत्या. "शाळेत शिकवायचे मी."

त्याच महिन्यात दुकानासमोरची ती मोकळी जागा एका दुकानवाल्या कंपनीला विकायचं नगरपरिषदेत निघालं. लेम्पी सभेत उभी राहिली.

"जागा गावाची आहे, गावाचीच राहू दे. तिथं पाहुण्यांसाठी केंद्र बांधा. नकाशे ठेवा, उबेला बसायला जागा द्या, आणि स्वच्छ संडास बांधा. उरलेल्या जागेत बाग करा."

काहींनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागून रेनो उठला.

"ताईची बाग जूनमध्ये फुलेल हो, पण जानेवारीत बर्फ टाकू कुठं? का तिच्या खुर्चीत बसवून भादरायचा?"

सभागृह खो खो हसलं. अध्यक्षबाई मिसेस ट्रेव्हार्थननी निर्णय जानेवारीवर ढकलला.

लेम्पीनं भावाशी बोलणं टाकलं. शनिवारी त्याच्याकडे सौनाच्या वाफेत बसायलाही जाईना. पण रुसून बर्फ वितळत नाही, हे तिलाही कळत होतं. डिसेंबरातल्या एका सकाळी ती त्याच्या गाडीत चढून बसली.

"चल. तू काय करतोस ते बघू दे मला."

उतारावर गाडी घसरत होती, पुलाशी वळायला जागा नव्हती. पुलापलीकडे बर्फ नेऊन टाकायचा, तर निम्मं गाव दुपारपर्यंत घरात अडकलं असतं. दोन फेऱ्यांतच लेम्पीला पटलं.

"खरंच जागा लागते रे."

"मग इतके दिवस काय मी बासरी वाजवत होतो?" रेनो फुरफुरला. थोड्या वेळानं नरमून म्हणाला, "मागच्या अर्ध्या भागात काही लावू नकोस. झाड नको, बाकडं नको. नुसतं गवत ठेव. बर्फ तिथं टाकीन."

"तिथं मी सफरचंदाची झाडं लावणार होते."

"सफरचंदं विसर."

ती झाडं तिनं मनात केव्हाच लावली होती. तिनं बाहीनं काचेवरची वाफ पुसली.

"बरं, विसरले. पण हे सभेत तू सांगायचंस."

"मी? मी तर विरोधात बोललो होतो!"

"म्हणूनच तुझं ऐकतील."

जानेवारीच्या सभेत रेनो बोलला. चाचरत, टोपी पिळत बोलला, आणि ठराव एका मताच्या फरकानं पास झाला. पैसे जमवण्यात दोन उन्हाळे गेले. चर्चबाहेर बायकांनी मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी विकल्या, म्हाताऱ्या खाणकामगारांनी पायवाटेचे दगड बसवले. केंद्र उभं राहिलं: लहानसं, लाकडी, आणि हिवाळ्यातही उघडं. पुढं बाग, मागं नुसतं गवत. मंगळवारी दुकान बंद असायचं, तेव्हा लेम्पी तिथल्या टेबलाशी बसू लागली.

पहिल्याच जानेवारीत गावातली पोरं घसरगाड्या घेऊन मागच्या बर्फाच्या डोंगरावर चढली. बर्फ लोटत आलेला रेनो भोंगा वाजवून वाजवून दमला. शेवटी खाली उतरून केंद्रात आला.

"ताई, त्या कार्ट्यांना आवर! मला बर्फ टाकायचाय."

"कॉफी घे," लेम्पी म्हणाली. "दमली की उतरतील."