समुद्राकडे पाठ

डॉक्टरांनी माझ्या आजाराचं नाव सांगितलं तेव्हा पहिला राग आला तो त्या नावाचाच. व्यक्तिमत्त्वाचा विकार! म्हणजे मी सगळीच बिघडलेली की काय? ते म्हणाले, तसं नाही हो, पण तुमची झोप पार विस्कटलीय, आणि झोप नसली की तुमचा भडका उडतो. आधी झोप ताळ्यावर आणू.

भडका म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. रात्रभर डोळा लागला नव्हता, आणि सकाळी दूध उतू गेल्याचं निमित्त होऊन मी पातेलं भिंतीवर भिरकावलं. ते सात वर्षांच्या लेकीच्या कानाजवळून गेलं. त्याच दिवशी बहीण तिला मसुऱ्याला, आपल्या घरी, घेऊन गेली. जाताना म्हणाली, "तुझी झोप जागेर इली काय हाडीन चेडवाक." म्हणजे माझी झोप जागेवर आली, तरच लेक परत. तेव्हा एप्रिल चालू होता. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत लेक घरी यायला हवी होती.

गोळ्यांच्या जोडीला डॉक्टरांनी उजेड दिला. सकाळी अर्धा तास, डोळे उघडे, पण सूर्याकडे टक लावायची नाही. परदेशात म्हणे त्यासाठी दिव्याची पेटी मिळते. आमच्याकडे साधा बल्ब लोडशेडिंगमध्ये पेटेना, पेटी कुठली पेटणार! मी आईबरोबर किनाऱ्यावर जाऊन बसू लागले. पाय स्वस्थ राहत नसत. वाळू उकरायची, उठायचं, परत बसायचं. तीन आठवडे झाले तरी झोपेचा पत्ता नाही. मे लागला. माझा जीव नुसता वरखाली.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "बसता तेव्हा तोंड कुठे असतं?"

"कुठे म्हणजे? समुद्राकडे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो बाई, आपल्याकडे सूर्य उगवतो कुठे?"

टेबलावरचं पेपरवेट त्यांना फेकून मारावंसं वाटलं, देवाशपथ. मग माझं मलाच हसू फुटलं. तीन आठवडे मी पाठीला उजेड देत होते!

पण तोंड फिरवणं सोपं नव्हतं. बाबा पहाटेच होडी घेऊन जायचे. घरचं माणूस दर्यात असताना दर्याकडे पाठ करून बसायचं नाही, ही आमच्या घरची रीत. आईने ती चाळीस वर्षं पाळलेली. तिला सांगताना मी चाचरले. ती पाण्याकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, "मी बघतंय दर्याक. तू थंय बघ."

त्यानंतर आम्ही पाठीला पाठ लावून बसायचो. तिचं तोंड पाण्याकडे, माझं माडांकडे आणि रस्त्याकडे. मी चुळबुळ केली की ती पाठीनेच मला ढोसायची, "बस गो गप!" हळूहळू रात्री दहाला डोळे मिटू लागले. सगळ्या रात्री नाही, पण पुष्कळ. मी ते बहिणीला फोनवर सांगितलं. ती "बघुया" एवढंच म्हणाली.

मे संपता संपता एका सकाळी माडांतून बहीण येताना दिसली, आणि तिच्या मागे लेक. समुद्राकडे बघत बसले असते तर मला कळलंही नसतं. मी उठले, हात पसरले. लेक धावत आली नाही. चार पावलांवर थांबली, माझ्या दोन्ही हातांकडे बघितलं, रिकामे होते ते. मग विचारलं, "आये, रात्री निजलंस?"

"निजलंय," मी म्हटलं. तरीही ती जरा वेळ तिथेच उभी राहिली.