कांद्याच्या चाळीतली कुजबुज

सडका कांदा पाहून टाळ्या पिटणारी शेतकऱ्याची पोर अख्ख्या तालुक्यात मी एकटीच असेन. पण त्या सकाळी मी पिटल्या, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

सोनईजवळ आमची कांदा साठवायची चाळ आहे. मी पुण्यात सेन्सर आणि संख्याशास्त्रावर संशोधन करते. म्हणून उन्हाळ्यात कांदा भरतानाच आण्णांना, म्हणजे वडिलांना, गळ घालून ढिगात पन्नासेक सेन्सर पुरले. आत कुठे सड लागली की ऊब आणि ओल वाढते, ती सेन्सरांनी मोबाईलवर लाल खुणेनं कळवायची. पण पन्नास जणांना तासातासाला एकच प्रश्न विचारला, की कोणीतरी उगाच 'हो' म्हणतोच. दोनदा आण्णांनी ढीग उकरला. सड नव्हतीच, उलट हाताळून कांद्याची पत्ती, म्हणजे वरचं वाळलेलं साल, निघाली. पुन्हा असं झालं तर सगळ्या वायरी उकिरड्यावर टाकीन, असं त्यांनी बजावलं. माझा जीव टांगणीला लागला.

इशाऱ्याची मर्यादा वाढवली असती, तर खरी सडही निसटली असती. म्हणून मी प्रत्येक सेन्सर शेजाऱ्यांशी जोडून एक जाळं तयार केलं. एकट्याचा आरडाओरडा ऐकायचा नाही. शेजारीही तेच कुजबुजले तर मानायचं. तरी गणित जमेना. मग चाळीत उभी असताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन कप्प्यांमधल्या फळ्यांच्या अलीकडचे आणि पलीकडचे सेन्सर मी जवळ म्हणून जोडले होते. पण सड तर कांद्यातून लागून असलेल्या कांद्यात जाते. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, पण बोलणं टाकलेल्या भाऊबंदांसारखे होते ते! पलीकडचे गप्प, म्हणून अलीकडच्यांची कुजबुज दबत होती. मी तेवढे दुवे तोडले, आणि मागच्या कप्प्यात तळाशी चार सेन्सर एका सुरात कुजबुजताना दिसले. मी धावतच आण्णांकडे गेले.

त्यांनी मोबाईल पाहिला. "एकबी लाल न्हाई, अन् फोडायला सांगती?"

"एकेकटा न्हाई, आण्णा. चौघं मिळून सांगत्यात."

त्यांनी फळी काढली. खडखडीत वाळलेले, चांगले कांदे घरंगळले. माझं तोंड उतरलं. मग त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला, आणि तो काळ्या पाण्यानं माखून बाहेर आला. वास तर असा, की आण्णांनी नाक दाबलं. मी टाळ्या पिटत होते.

सडका भाग काढून झाल्यावर ते फळी परत बसवू लागले. बाकीचा ढीग उकरून बघायचा नाही का, असं मी विचारलं.

"कशाला? बाकीचे गप हायेत ना," आण्णा म्हणाले.